फोटो नसलेली आई

“डोळे आधी, शुभांगी. केस, कपडे, दागिने सगळं मागून. डोळ्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं ना, की पुढचं चित्र तेच तुला चुकू देणार नाहीत.”

चित्रकलेच्या ओकबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, पण कापडातून चेहरा करायला घेतला की त्यांचा आवाज असा कानाशी येऊन बसतो. त्या दिवशी मी तो जसाच्या तसा भिमाबाईंना ऐकवला. काळ्या साटिनचा बटणाएवढा गोल, त्याच्याभोवती तपकिरी कापडाची कड, वर पांढऱ्या मलमलचा तांदळाच्या कणीएवढा ठिपका, असा एक डोळा त्यांच्यासमोर मांडूनही दाखवला.

भिमाबाईंनी तो निरखून पाहिला. मग म्हणाल्या, “डोळा झ्याक हाय, ताई. पण हा कुणाचा पण असंल. माझ्या आईचे डोळे मला आठवतच नाय.”

“मग घरून फोटो आणा ना.”

“फोटो असता तर फोटोच लावला असता भिंतीवर. चिंध्या कशाला चिकटवत बसले असते?”

पलीकडे मोराची पिसं कापत बसलेली चैताली खुदकन हसली. ती इंटिरियरचं काम करते, आणि तिचा मोर गेल्या दिवाळीपासून शेपटीतच अडकला आहे.

सातपूर कॉलनीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी हा वर्ग भरतो. जुन्या साड्या, ब्लाउजपीस, पडदे असलं काहीबाही कापायचं, तुकड्याला तुकडा जुळवून गोंदाने चित्र मांडायचं, वरून इस्त्री फिरवायची, खाली सुती साडीचे थर घालायचे आणि मग गोधडीला घालतात तसा धावदोरा. चार जणी येतात, कधी दोनच. मोर होतात, देवळाची शिखरं होतात, द्राक्षाचे वेल तर दरवर्षी होतात. माणसाचा चेहरा सहसा कुणी मागत नाही.

भिमाबाई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. एका दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांनी तेहतीस वर्षं काम केलं. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणायचे. “माणूस जन्मल्या जन्मल्या कसं दिसतं ते मला विचारा,” त्या म्हणायच्या, “सगळी सारखीच दिसतात. आयांना खोटं सांगावं लागतं, बापावर गेलंय म्हणून.” वर्गात त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशीच मी विचारलं होतं, काय करायचंय तुम्हाला? तेव्हा त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरून सांगितलं होतं:

“माझी आई. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची. इतकी वर्षं डोळे मिटले की दिसायची. आता गेल्या वर्षापासून डोळे मिटले की मीच दिसते, आरशातली. तिच्या जागेवर जाऊन बसले मी. पुरती पुसली जायच्या आत तिला कुठंतरी उतरवून ठेवायचीय.”

मी फीसुद्धा सांगायला विसरले.

तीन आठवडे आम्ही रंगातच अडकलो. मी चहाच्या पाण्यात मलमल बुडवून सुंदर गव्हाळ रंग काढला, तर म्हणाल्या, “लय गोड हाय हा. ही कुणी सावलीत बसणारी बाई वाटते.” सावळा काढला तर म्हणाल्या, “सावळी नव्हती. उन्हानं उडालेली होती.” आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर दोरीवर गेली. तिथे आमच्या ह्यांचा कंपनीतला जुना खाकी शर्ट वाळत होता. एकतीस वर्षांची नोकरी संपली तरी हे तो घालून घरातले नळ दुरुस्त करतात.

“तो,” भिमाबाई म्हणाल्या. “खांद्यावरचा.”

“अहो, तो माझा शर्ट आहे!” आतून हे ओरडले.

“दादा, तुमचा शर्ट देव्हाऱ्यात बसवतो की नाय बघा,” भिमाबाई म्हणाल्या, आणि मी कातर घेऊन दोरीकडे गेले. खांद्यावर ऊन खाऊन खाकी जवळजवळ मातकट झाली होती. कॉलर उलटली तर खालचा भाग तसाच गडद, न उडालेला. एकाच शर्टात ऊन आणि सावली दोन्ही मिळाली.

रंग मिळाला, पण चेहरा नाही. मग एका मंगळवारी मी कंटाळून म्हटलं, “भिमाबाई, चेहरा राहू दे. तुम्हाला जेवढं आठवतं तेवढंच सांगा.”

“हनुवटी,” त्या पटकन म्हणाल्या. “हनुवटीवरचं गोंदण. तीन ठिपके, त्यातला एक जरा सरकलेला. नाकपुड्या. ओठ डावीकडं थोडा वर. आणि गळ्याचा खळगा, त्यात घाम साचायचा.”

“आणि वरचं?”

“वरचं नाय.”

मला काही उमगेना. चैतालीने कातर खाली ठेवली. “काकू,” ती म्हणाली, “ह्या खालून बघताहेत.”

भिमाबाई तिच्याकडे वळल्या. “खरंच की गं पोरी. आई शेतात कांद्याची पात कापायला बसायची. मी तिच्या मांडीवर डोकं टाकून पडायची. ती कुठं बघायची माझ्याकडं? तिची नजर विळ्यावर.”

मी चटई अंथरली. मांडी घालून बसले आणि म्हटलं, “या, झोपा.”

“इथं? तुमच्या मांडीवर?”

“मग दुसरं कसं कळणार?”

त्या गुडघ्यांवर हात टेकत आडव्या झाल्या. पांढऱ्या केसांचं डोकं मांडीवर आलं, तेव्हा ते इतकं हलकं कसं याचंच मला नवल वाटलं. “खाली बघा,” खालून सूचना सुरू झाल्या. “अजून थोडं. मान वाकडी. तोंड हलवू नका, ताई. तुमचं तोंड कायम जप चालल्यासारखं हलतं.”

तेवढ्यात हे पेपर घ्यायला बाहेर आले. “काय झालं? चक्कर आली का त्यांना?”

“नाय दादा,” भिमाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, “चित्र काढतोय.”

हे आल्या पावली परत गेले.

तर आम्ही हनुवटीपासून सुरुवात केली. माझ्या आयुष्यातला तो पहिला चेहरा, जो खालून वर चढत गेला. गळ्याचा खळगा कॉलरखालच्या गडद कापडाचा. हनुवटीवर हिरवट दोऱ्याच्या तीन गाठी, एक मुद्दाम सरकवलेली. नाक खालून दिसतं तसं, आखूड. आणि डोळ्यांपाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, की बुबुळं लागणारच नाहीत. झुकलेल्या पापण्या तेवढ्या पुरेत. गडद खाकीच्या दोन कमानी मी जागेवर ठेवल्या, आणि भिमाबाईंनी पुढे केलेला हात एकदम मागे घेतला.

“आता म्हणेल,” त्या हळूच म्हणाल्या, “सरक गं, पाय झिणझिणला.”

चैताली नाक पुसत उठून पाणी प्यायला गेली.

मग श्रावण लागला. भिमाबाईंच्या सुनेचे दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते, म्हणून त्या दोन आठवडे येणार नव्हत्या. चित्र माझ्याकडे ठेवून गेल्या. जाताना म्हणाल्या, “तुमचा चातुर्मास, आमचा वर्षावास. पाऊस एकच. तुम्ही तुमची पोथी वाचा, मी विहारात जाते. हिला सांभाळा.”

चार महिने माझे नेम असतात. पहाटे अंघोळ, तुळशीपुढे गोपद्मांची रांगोळी, एक अध्याय, मग चहा. हे सगळं आटोपलं की मी त्या चेहऱ्यासमोर जाऊन उभी राहायची. रोज काहीतरी कमी वाटायचं. काय ते कळायचं नाही. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा केली, आरती फिरवली, आणि तशीच आत गेले तर एकदम दिसलं. कपाळ मोकळं होतं.

माझ्याकडे सप्तशृंगी गडावरून मिळालेला प्रसादाचा खण होता. लाल, काठाला बारीक जर. सहा वर्षं मी त्याला कातर लावली नव्हती. त्यातून मी रुपयाएवढा गोल कापला. गोंद लावून बसवला, वर इस्त्री फिरवली, कडेने इतके बारीक टाके घातले की मोजू म्हटलं तर मोजता येऊ नयेत. माझ्याजवळ होतं त्यातलं सर्वांत चांगलं मी त्या कपाळाला दिलं. मला फार बरं वाटलं. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

पुढच्या मंगळवारी भिमाबाई आल्या, त्या पेढे घेऊनच. नात झाली होती. मी कौतुकाने चित्रावरचा कपडा बाजूला केला.

त्यांनी चष्मा सारखा करून कपाळ पाहिलं.

“टाके बारीक हायत,” शेवटी म्हणाल्या. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेल्या. चित्र तिथेच राहिलं.

शुक्रवारी आल्या नाहीत. मंगळवारी नाहीत. मी चैतालीला म्हटलं, “बाळंतिणीचं करायला कुणी नसेल.”

“काकू,” ती खाली बघत म्हणाली, “कुंकू.”

“काय कुंकू?”

“त्या बौद्ध आहेत ना.”

“मला माहीत आहे गं.”

“मग?”

माहीत होतं, चांगलं माहीत होतं. वर्षावास म्हणजे काय, हेही मीच त्यांना विचारून घेतलं होतं. पण बाईचा चेहरा पुरा होतो तो कुंकवाने, हे हाताला इतकं पाठ होतं, की त्याने मला विचारलंच नाही.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. चार गल्ल्या पलीकडे, कंपन्यांच्या अंगाला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, खाली पाळणा. सुनेच्या आईने चहा आणून ठेवला.

मी हात जोडले. “माझा चातुर्मासाचा नेम आहे. परान्न घेत नाही. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा नाही.”

हे अगदी खरं होतं. पेढेसुद्धा मी देवापुढे ठेवून ह्यांना दिले होते. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि खोलीत काहीतरी बदललं.

“न्या हो आत,” भिमाबाई विहिणीला म्हणाल्या. “ताईंचा नेम हाय.” मग पाळण्याची दोरी ओढत माझ्याकडे पाहून हसल्या. “आमच्या आईच्या वेळेला पण गावात लय बायांचे नेम असायचे. आमच्या हातचं घ्यायचं नाय म्हणून. त्यांचे पण चारच महिन्यांचे असते, तर किती बरं झालं असतं.”

हसतच म्हणाल्या. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“कुंकवाचं चुकलं माझं,” मी म्हटलं.

“चुकलं म्हणून मी नाय आले असं नाय. मला राग पण नाय आला. मला तिचं वाईट वाटलं.” दोरी थांबली. “माझा बाप छप्पन साली गावातल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन आला. दीक्षा घेऊन. आल्यावर त्यानं सगळं सांगितलं. त्याच दिवशी आईनं विहिरीवर चार बायांच्या देखत कपाळ धुतलं. बाप म्हणाला नव्हता, हं. तिनं सोता. एकवीस वर्षांची होती. आजी तिला शेवटपर्यंत बोलली, नवरा जिता असताना कपाळ पुसलंस म्हणून. बाप कधी तापानं फणफणला की हिलाच शिव्या. अकरा वर्षं ऐकलं, पण परत लावलं नाय. अन् तुमच्याकडं येऊन बघते, तर लागलेलं.”

पाळण्यातली मुलगी कुरकुरली. त्यांनी दोरी पुन्हा ओढली.

“तुमचा नेम असतो ना, ताई,” त्या म्हणाल्या, “तसा तो तिचा.”

मी मान खाली घातली. नेमांचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको असं मला वाटत होतं.

“मी उसवून देते,” एवढंच म्हणाले.

“तुम्ही नको. शुक्रवारी येते. मी उसवीन.”

शुक्रवारी त्या आल्या. चष्मा पुसला, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला, ब्लेडने कापला. मी बारीक घातले होते ना, त्यामुळे तास गेला. मग खणाचा गोल नखाने धरून अलगद ओढला. तो निघाला, पण गोंदाने खाकीवरचा रंग बरोबर ओढून नेला. कपाळाच्या मधोमध फिका गोल पडला, भोवती सुईची छिद्रं.

“खराब झालं,” मी म्हटलं. “पण थांबा, शर्टाचा दुसरा खांदा आहे अजून. पूर्ण कपाळ नवं बसवू. कळणारसुद्धा नाही.”

त्या फिक्या गोलावरून भिमाबाईंनी अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा.

“नका बदलू.”

“अहो, पण...”

“असंच होतं.” त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. “तिच्या कपाळाला. पोरवयापासून मेण लावून वर कुंकू लावायची, तेवढी कातडीच फिकी पडलेली. धुतलं तरी जागा राहिली. उन्हात दिसायची. मी विसरले होते, ताई. पार विसरले होते.”

चैताली जागची उठून जवळ आली. आम्ही तिघी त्या कपाळाकडे बघत राहिलो. आणि खरं सांगते, त्याही वेळी माझ्या मनात एक किडा वळवळलाच. भिमाबाईंना खरोखर आठवलं, की माझी चूक त्यांनी पोटात घातली? वॉर्डात तेहतीस वर्षं बायकांना बरं वाटेल असं बोललेली ही बाई.

माझ्या तोंडावर ते उमटलं असावं. भिमाबाई म्हणाल्या, “बघू नका अशा. मला पण सांगता येत नाय. होतं म्हणून आठवलं, की दिसलं म्हणून होतं असं वाटतंय? खालून बघणारी मी. मला कपाळ कसं दिसलं असंल?”

“मग कोण सांगेल?”

“कोंडाजीदादा. माझा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा पंधरा वर्षांचा होता. निफाडच्या अलीकडं राहतो. तिला बघितलेला तेवढा एकच माणूस उरलाय.”

“मी आत्ता फोटो काढून पाठवते,” चैतालीने मोबाइल काढला.

“त्याच्याकडं बटनांचा फोन हाय गं. अन् असलं फोटोत विचारायचं नसतं.”

मग पंधरा दिवस त्यांनी धावदोरा घातला. कुठल्याही कपाळावर घालतात तशा आडव्या ओळी, पण गोलापाशी आल्या की वळून जाणाऱ्या. चित्राची गोधडी झाली. दोन हात रुंद, अडीच हात लांब. मी म्हटलं, आता भावाकडे घेऊन जा. तर त्यांनी ती गुंडाळून माझ्याच पुढे सरकवली.

“मी नाय जाणार.”

“का?”

“तो म्हणाला, ही कोण बाई, तर? मला त्याच्या तोंडाकडं बघवणार नाय. मग मला ना ती राहिली, ना ही.” मग म्हणाल्या, “तुम्ही जा. भिमाकडून आले, एवढंच सांगा. आईबिई काय बोलायचं नाय. गोधडी उघडायची आणि गप बसायचं. तो काय म्हणतो ते ऐकायचं. खरं असंल ते येऊन मला सांगायचं, मला बरं वाटावं म्हणून नाय.”

“आणि छिद्रं कशाची, विचारलं तर?”

“तर तुम्हीच सांगायचं. तुम्ही पाडलीत.”

“सांगेन,” मी म्हटलं.

“अजून एक.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला, माझ्याकडे न बघता. “दादा जुना माणूस हाय. घरी आलेल्याला चहा दिल्याबिगर सोडायचा नाय. अन् कुणी नको म्हटलं तर तो कारण विचारत नाय. त्याचं त्यालाच ठाऊक असतं.”

कार्तिकी एकादशी अजून दोन महिने लांब होती. सोळा वर्षांत माझा चातुर्मास कधी मोडला नव्हता.

“घेईन,” मी म्हटलं. “भाकरी दिली तर भाकरीही खाईन.”

“बघा हं. शब्द हाय.”

“शब्द आहे.”

रविवारी पहाटे उठले. रांगोळी काढली, अध्याय वाचला. पोथी मिटल्यावर जरा वेळ तशीच देवापुढे बसून होते. मग गोधडी धुतलेल्या पंच्यात गुंडाळली, तोंड आतल्या बाजूला ठेवून, आणि दोन टोकांना नाडी बांधली. ह्यांनी दार उघडून धरलं.

“डबा भरला नाहीस?”

“नको.”

“नेमाचं काय मग?”

“सांगून झालंय,” मी देव्हाऱ्याकडे मान हलवली.

मी चपला घातल्या, गुंडाळी काखेत घेतली. निफाडची एसटी सव्वानऊची होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचले, तेव्हा मागून हे पाण्याची बाटली घेऊन आले.

“अगं, ही राहिली.”

“राहू दे, पाणी तिथलंच पिईन,” मी म्हटलं, आणि कठड्याला धरून पुढच्या पायऱ्या उतरू लागले.